वाजवून बघ

आमच्या आज्जीनं मडकं कधी नुसतं बघून घेतलं नाही. उन्हाळा लागला की ती मला बेळगावच्या शनिवारच्या बाजारात घेऊन जायची. कुंभारणीपुढं उकिडवी बसायची, एकेक मडकं डाव्या पंजावर तोलून धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं त्यावर मारून कान द्यायची. एकदा मी एक लालबुंद, गोल गरगरीत मडकं हौसेनं तिच्यापुढं केलं. आज्जीनं वाजवलं आणि परत खाली ठेवलं.

"बद्द वाजतंय गं. तडा हाय त्याला."

"मला तर कुठं दिसत नाही."

"बघून काय कळतंय? वाजवून बघ, मग घे."

या गोष्टीला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा बेंगळुरूहून आला, तो विमानाच्या भागांवर संशोधन करतो. त्यानं पिशवीतून काळ्या रंगाची, शाळेच्या पाटीएवढी एक पातळ फळी काढली आणि म्हणाला, "मावशी, ही कुठं मोडलीय सांग बघू." मी चष्मा लावून बघितलं, बोट फिरवलं, उजेडात तिरकी धरली, उलटी करून बघितली. कुठं काही नाही. मग तो म्हणाला, "मी हिच्यावर लोखंडी वजन टाकलंय. बरोबर मध्ये, आतले थर रुपयाएवढ्या जागेत सुटलेत."

"आणि तुला रे कसं कळलं?"

"वाजवून," तो म्हणाला.

मला आज्जीच आठवली. त्यानं पुढं पुष्कळ सांगितलं, त्यातली गणितं माझ्या डोक्यावरून गेली. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली बाई. पण कुणी पहिल्यांदा वाजवलं, कुणी कान दिला आणि वाजवणं कुठं अपुरं पडलं, ही वंशावळ मला कळते. ती मी शोधत गेले, तीच इथं मांडते.

*

वाजवून आतलं ओळखण्याची विद्या सगळ्या जगात बायाबापड्यांची आणि कारागिरांची. ती पुस्तकात आली ती एका खानावळवाल्याच्या मुलामुळं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचा मुलगा वाढला. दारूच्या पिपावर टिचकी मारली की ते कुठवर भरलंय हे झाकण न काढता कळतं, हे त्यानं वडिलांकडं बघितलेलं. पुढं तो डॉक्टर झाला आणि रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून पाहू लागला. फुफ्फुसाभोवती पाणी झालं असेल तर आवाज भरल्या पिपासारखा जड येतो. १७६१ मध्ये त्यानं यावर लॅटिनमध्ये लहानसं पुस्तक लिहिलं. जवळजवळ कुणी दखल घेतली नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिझार यानं ते फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा कुठं डॉक्टर लोक छाती ठोकून बघायला लागले.

त्यानंतर आठच वर्षांनी, १८१६ मध्ये, पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरपुढं एक तरुण बाई रोगी म्हणून आली. तिच्या छातीला कान लावायचा त्याला संकोच वाटला. त्यानं कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. आवाज नुसत्या कानापेक्षा स्वच्छ आला. स्टेथोस्कोपचा जन्म तो. मला यातली एक बाब लक्षात ठेवावीशी वाटते. सुरळीतून जाणारा आवाज इकडंतिकडं पसरत नाही, वाट धरून जातो. पुढं हीच बाब कामाला येणार आहे.

यंत्रांच्या बाबतीत हा धडा फार महागात शिकला गेला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकावर एक चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. वरून धडधाकट दिसणारं लोखंड रोजच्या हेलकाव्यांनी आतून हळूहळू चिरत जातं, याचा अभ्यास त्यानंतर नेटानं सुरू झाला. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जाणारा माणूस रेल्वेत असायचा. चाक खणखणीत वाजलं तर गाडी पुढं, बद्द वाजलं तर डबा बाजूला. आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतसुद्धा ओतीव काम साच्यातून निघालं की कारागीर हातोडीनं वाजवून बघतात.

असं का होतं? मडकं किंवा चाक अखंड असलं की टिचकीचा कंप सगळ्या अंगभर फिरतो आणि बराच वेळ टिकतो. चीर असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि कंप तिथंच विझतो. आज्जीचा कान ते विझणं ऐकत होता.

*

आता ती काळी फळी. हिला कंपोझिट म्हणतात. कार्बनचे केसापेक्षा बारीक धागे एका दिशेनं अंथरायचे, ते चिकट राळेत भिजवायचे, त्यावर दुसरा थर, तिसरा, चौथा, आणि मग भट्टीत दाबून तापवायचं. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या सरकारी संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात मजबूत कार्बन धागा करण्याची रीत बसवली गेली. एकेक थर साधारण अष्टमांश मिलिमीटर जाडीचा. एका थराचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे, तिसऱ्याचे उरेप. शिवणकाम केलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. कापड उभ्या धाग्यात ओढलं तर ताणत नाही, उरेप ओढलं तर लांबतं. म्हणून सगळ्या दिशांनी थर लावायचे, म्हणजे फळी कुठूनही ओढली तरी दाद देत नाही.

वजनाला हलकी आणि ताकदीला भारी अशी ही वस्तू विमानवाल्यांना मानवली. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या एटीआर ७२ या विमानाच्या पंखांचा बाहेरचा भाग कार्बन धाग्याचा आहे. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारी पंख्यांची छोटी विमानं याच जातीची. २०११ मध्ये प्रवासी घेऊन उडू लागलेल्या बोइंग ७८७ च्या तर निम्म्या वजनाचं सामान कंपोझिट आहे.

पण हिची एक खोड आहे. पत्र्यावर हातोडी पडली तर पत्रा पोचतो, म्हणजे घाव दिसतो. फळीवर हातोडी पडली, गारा लागल्या, मिस्त्रीच्या हातून पाना पडला, तर वरचा थर पुन्हा सरळ होतो आणि आत थराथरांमधली राळ सुटते. चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटतात, आणि घाव लागला त्या बाजूपेक्षा आत खोलवर जास्त सुटतात. वरून तुकतुकीत. मग हजारो वेळा वर-खाली होताना, हवेच्या दाबानं, ओलाव्यानं ती सुटलेली जागा वाढू शकते.

इथं आज्जीची रीत अपुरी पडते. विमान दुरुस्त करणारे लोक नाण्यानं किंवा लहान हातोडीनं अंगभर ठोकत जातात. आवाज जिथं बोदा येतो तिथं खूण करतात. या नाण्याच्या ठोक्याचा अभ्यास ब्रिटनमधल्या कॉली आणि ॲडम्स या दोन संशोधकांनी १९८८ मध्ये छापला. थर सुटलेल्या जागी फळी मऊ पडते, म्हणून हातोडी तिथं किंचित जास्त वेळ टेकून राहते आणि वरच्या पट्टीतले सूर उमटत नाहीत. म्हणून तो आवाज बोदा. पण हे वरचा थर सुटला असेल तरच. चूक खोलवर असली की वरची फळी तिच्या मानानं जाड राहते आणि आवाजात फरक पडत नाही.

*

६ मार्च २००५ ला क्युबातल्या वाराडेरोहून कॅनडातल्या क्विबेकला जाणारं एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३१० विमान २७१ माणसं घेऊन उडालं. उंच आकाशात मोठा आवाज झाला, शेपटीकडून थरथर सुरू झाली. वैमानिकांनी विमान मागं वळवून वाराडेरोलाच सुखरूप उतरवलं. खाली उतरून शेपटीकडं बघितलं तेव्हा कळलं, सुकाणूच जागेवर नाही. तळाचा थोडा भाग सोडला तर सगळं आकाशात गळून पडलं होतं. त्या सुकाणूच्या दोन्ही बाजूंचे कार्बन धाग्याचे पापुद्रे आतल्या जाळीदार गाभ्याला चिकटवलेले होते. कॅनडाच्या चौकशी मंडळाचा निष्कर्ष असा, की हा पापुद्रा सुटल्याचं किंवा गाभा चिरल्याचं नुकसान उड्डाणाआधीच तिथं होतं, आणि ठरवून दिलेली तपासणी असले सगळे दोष पकडायला पुरेशी नव्हती. ती तपासणी म्हणजे मुख्यतः डोळ्यांनी बघणं आणि ठोकून बघणं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत एका मालवाहू ए-३०० च्या सुकाणूतही आत तेल शिरून पापुद्रा सुटलेला सापडला.

हे वाचताना माझ्या मनात आलं, त्या तपासणाऱ्या माणसानं कामचुकारपणा केला नसेल. त्यानं बघितलं असेल, ठोकलं असेल, आणि प्रामाणिकपणे "ठीक" असं लिहून सही केली असेल. "मला काही दिसलं नाही" आणि "तिथं काही नाही" या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यात २७१ माणसांचे जीव होते.

कल्पना चावलाच्या बाबतीत हे अंतर जीवघेणं ठरलं. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं आणि साधारण ८२ व्या सेकंदाला इंधनटाकीवरच्या फोमचा पाऊण किलोचा तुकडा निखळून डाव्या पंखाच्या कडेवर आपटला. ती कडही कंपोझिटचीच, कार्बनमध्ये कार्बनचे धागे घालून केलेली. यान वर फिरत असताना काही अभियंत्यांनी पंखाची चित्रं मिळवा म्हणून विनंती केली. वरिष्ठांना ती गरजेची वाटली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासवर मोडून पडलं, सातही जण गेले. जुलैमध्ये चौकशी मंडळानं तसाच फोमचा तुकडा तशाच कडेवर मारून बघितला, तर सुमारे चाळीस सेंटिमीटरचं भोक पडलं. या कडांच्या तपासणीची चालू रीत आतली मजबुती कळायला पुरेशी नाही, असंही मंडळानं लिहिलं. उरलेल्या यानांच्या पंखांच्या कडेला आतून धक्के टिपणारे सेन्सर बसवले गेले, ते यानंतर.

*

मग खोलवरचं ऐकायचं कसं? याचं उत्तर समजायला मला विजापूर उपयोगी पडलं. शाळेची सहल गोलघुमटाला गेलेली आपल्यापैकी कितीतरी जणी असतील. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की जवळजवळ सव्वाशे फूट लांब, समोरच्या बाजूला भिंतीशी उभ्या मैत्रिणीला स्पष्ट ऐकू येतं. मोकळ्या मैदानात आवाज चहूकडं फाकतो आणि पातळ होतो. घुमटात तो भिंत धरून जातो, म्हणून टिकतो. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटातही असंच होतं, आणि त्याचा उलगडा लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञानं केला. त्याच रॅलीनं १८८५ मध्ये दाखवलं होतं, की घन वस्तूच्या पृष्ठभागाला धरूनही लहरी जाऊ शकतात.

पातळ फळीत काय होईल, हे पुढं होरेस लॅम्बनं सोडवलं. लॅम्ब १८४९ मध्ये स्टॉकपोर्टला जन्मला. बाप सूतगिरणीत मुकादम, तो लवकर गेला. आईनं दुसरं लग्न केलं आणि मुलगा मावशीनं वाढवला. हे वाचून मी भाच्याकडं जरा तोऱ्यानंच बघितलं! १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, लॅम्बनं एक निबंध छापला. फळीचे दोन पृष्ठभाग म्हणजे नदीचे दोन काठ. लहर त्यांच्यामध्ये आपटत, परतत, शेवटी फळीच्या लांबीनं वाहू लागते. तिच्या दोन मुख्य चाली. एका चालीत फळी फुगते-आकसते, दुसरीत ती वाऱ्यावरच्या पताकेसारखी लहरते. या लहरींना आज लॅम्ब लहरी म्हणतात. फळी तपासायला त्यांचा उपयोग करावा हा विचार त्या निबंधात नव्हता, तिथं नुसतं गणित होतं.

लहर उठवायला आणि ऐकायला साधन लागतं. ते १८८० मध्येच सापडलं होतं. पिअर आणि जॅक क्युरी या भावांना दिसलं, की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उमटते. त्याच जातीच्या स्फटिकाचं मोजमापयंत्र मेरी क्युरीनं पुढं आपल्या किरणोत्सर्गाच्या कामात वापरलं. उलट, वीज दिली तर स्फटिक थरथरतो. म्हणजे तोच बोट आणि तोच कान. १९१७ मध्येच पॉल लँजव्हँ फ्रान्समध्ये या स्फटिकानं पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायच्या खटपटीत होता. १९२८ मध्ये लेनिनग्राडच्या सोकोलोव्हनं सुचवलं, की असाच आवाज धातूतले दोष शोधायला वापरावा. १९४० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या फायरस्टोननं धातूत आवाज सोडून आतला प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी याच घराण्यातली.

पण सोनोग्राफीसारखी तपासणी एका वेळी एका ठिकाणाखालचंच सांगते. विमानाचा अख्खा पंख तसा तपासायचा तर पोत्यातला दाणा न् दाणा दाबून बघण्यासारखं आहे. लॅम्बच्या लहरी इथं पुढं आल्या. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या वर्लटननं त्या प्रयोगात ओळखून दाखवल्या आणि तपासणीला त्यांचा उपयोग होईल हे मांडलं. १९९० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्या लांबच लांब नळांतून सोडून गंज शोधण्याची रीत तयार झाली. एका जागी पट्टा बांधायचा आणि तिथूनच कितीतरी मीटर लांबचा गंज ओळखायचा. त्या कामात पुढं असणारे पीटर कॉली म्हणजे नाण्याच्या ठोक्याचा अभ्यास करणारेच कॉली. आपल्याकडं आयआयटी मद्रासमध्ये या विद्येचं मोठं काम चालतं.

*

भाच्याच्या फळीवर चार कोपऱ्यांत शर्टाच्या बटणाएवढ्या चार चकत्या चिकटवलेल्या होत्या. एक चकती बोलते, तीन ऐकतात. मग दुसरी बोलते. आवाज आपल्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लाख-दोन लाख कंपांचा. फळीच्या या टोकापासून त्या टोकाला जायला त्याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. मध्ये थर सुटलेला असला की लहर तिथं दुभंगते, काही वरच्या पापुद्र्यातून, काही खालच्या. ती रेंगाळते, थोडी मागं फिरते. ऐकणाऱ्या चकतीपर्यंत पोचताना तिचं रूप बदललेलं असतं.

"पण बदललंय हे कळायला आधीचं रूप माहीत पाहिजे की," मी म्हटलं.

"तेच तर, मावशी. फळी चांगली असतानाच तिचा आवाज नोंदवून ठेवावा लागतो. नंतरचा आवाज त्याच्याशी ताडून बघायचा."

त्यातही अडचणी आहेत. धाग्याच्या दिशेनं लहर जलद जाते, उरेप हळू. सकाळच्या गारव्यात नोंदवलेला आवाज आणि दुपारच्या उन्हातला आवाज वेगळा येतो, फळीत दोष नसतानाही. म्हणून वेगवेगळ्या तापमानाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, नाहीतर यंत्र उगाच ओरडतं. आणि उगाच ओरडणाऱ्याकडं माणसं लवकरच दुर्लक्ष करतात. त्यामुळं प्रवासी विमानांत आजही पहिली तपासणी डोळ्यांनी आणि संशय आला तर हातातल्या यंत्रानं होते. अंगातच कान बसवलेलं विमान बहुतांशी अजून प्रयोगशाळेतच आहे.

आपल्याकडं शल्य हा शब्द आहे. शरीरात घुसून आत राहिलेला काटा. जखम वरून भरते, कातडी जुळते, काटा आतच. व्रत घेणाऱ्याच्या मनात शल्य नसावं असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं, आणि ते शोधायला एक दिवस ठरवून दिला नाही, रोजचं प्रतिक्रमण दिलं. रोज केलं तरच कालच्या आणि आजच्या मनातला फरक कळतो. हे मी पाठशाळेत पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला त्या काळ्या फळीपाशी बसून नीट लागला.

भाचा निघाला तेव्हा फळी माझ्याकडंच ठेवून गेला, त्याच्या कामाची ती झाली होती. मी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, आज्जीच्या जुन्या मडक्याशेजारी ठेवलीय. मडकं वाजवलं की अजून खणखणीत वाजतं. काळी फळी मी बोटानं कितीदा ठोकून बघितली. मधोमध ठोकलं काय, कडेला ठोकलं काय, माझ्या कानाला ती अजूनही चांगलीच वाजते.